शालनची रविवारची मोजणी

फोन आला तेव्हा मी ऑफिसात टाइपरायटरची रिबन बदलत होते. दोन्ही हात काळे झालेले, म्हणून शिपायानं रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला. पलीकडून पेडणेकर बोलत होते, शालनचे यजमान. "कुंदाताई, शालन गेली," एवढंच म्हणाले. शिपाई माझ्याकडे बघत उभा. मी रिबन पुरती बसवली, झाकण लावलं, साबणानं हात धुतले आणि मग खुर्चीत बसून रडले. आता ही माझी खोड म्हणा किंवा कोडगेपणा म्हणा, हातातलं काम टाकून मला दुःखसुद्धा करता येत नाही. शालन असती तर म्हणाली असती, "कुंदे, तू स्वतःच्या मयताला पण हजेरीपटावर सही करून येशील."

आज दीड महिना झाला. या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल चांगलं लिहितात, मीही लिहिणार आहे. पण आधी एक कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला फार मोठी मैत्रीण समजणार नाही. सहा वर्षांपूर्वी शालननं माझ्या वाट्याचा दोष एकटीच्या अंगावर घेतला, आणि मी त्यावर तिच्याशी एक शब्द बोलले नाही. वाशीच्या हॉस्पिटलात तिला भेटायला गेले ती तेच बोलायचं ठरवून. काविळीनं डोळे पिवळे झाले होते, हात काडीसारखे. मी तिच्या उशाशी बसले आणि अर्धा तास ऑफिसात येणाऱ्या नव्या कॉम्प्युटरबद्दल बोलले... निघताना म्हणाली, "बरी झाले की एका रविवारी जाऊ गं. तूही चल या खेपेला." मी म्हटलं, "बघू." हे आमचं शेवटचं बोलणं.

आम्ही दोघी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत, जिथं गावोगावच्या जमिनींचे नकाशे ठेवतात तिथं. मी टायपिस्ट. शालन ट्रेसर, म्हणजे जुन्या फाटक्या नकाशावर पारदर्शक मेणकापड पसरून त्याची नक्कल काढणारी. तिचा हात असा की बांधाची वळणदार रेघ एका श्वासात काढायची आणि शेवटाला शाई जराही जाड व्हायची नाही. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, "तुम्ही ज्या गावाचा नकाशा काढताय ते बघितलंय का कधी?" ती म्हणाली, "एकही नाही. वीस वर्षांत शेकडो गावं काढली असतील. सगळी मला वरून दिसतात, देवाला दिसतात तशी. पण उतरायला कधी मिळालं नाही." मी साताऱ्याकडची, तोंडाची फटकळ. म्हटलं, "मग देवालाही एखादी कॅज्युअल लीव्ह लागतेच की." तिथून आमचं जमलं.

तिच्या टेबलाच्या खणात फूटपट्ट्यांखाली रहस्यकथांची पुस्तकं असत. खिशात मावतील एवढी, पिवळ्या पडलेल्या पानांची. लेखकानं टोपणनावानं लिहिलेली, खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. नायक म्हणजे मिठागरांवरचा कस्टमचा जमादार अंतोबा, विडी ओढणारा, गुडघेदुखीनं बेजार, आणि खुनी हुडकण्यात तरबेज. सगळ्या गोष्टी आमच्याच मुलखातल्या, नवी मुंबई हे नावसुद्धा नव्हतं तेव्हाच्या. उरणचं बंदर, खाड्या, मिठागरं, मचवे. मी असली पुस्तकं कधी हातात धरली नव्हती. अहो, खून कुणी केला हे शेवटच्या पानावर लिहिलेलंच असतं, मग मधली नव्वद पानं कशाला वाचायची? शालनला खुन्याशी देणंघेणं नव्हतंच. तिला पायवाटा हव्या असत. "हे बघ," ती डबा खाताना पान उघडून दाखवायची, "अंतोबा बंदरावरून निघाला, डावीकडे विहीर लागली, पुढे दोन बांध एकमेकांना मिळतात तिथं तो थांबला. मी हा नकाशा काढलाय कुंदा. ही विहीर आहे. हे दोन बांध आहेत. खून खोटा गं, पण वाट खरी आहे." तिचं म्हणणं, लेखक नक्की मोजणी खात्यातला किंवा मिठाच्या खात्यातला असणार, कारण तो अंतर मैलात सांगत नाही, साखळीत सांगतो. आमच्या खात्यात साखळी म्हणजे तेहतीस फूट. पन्नास वर्षांपूर्वी कुण्या माणसानं कचेरीत बसल्या बसल्या हेच नकाशे पाहून गोष्टी रचल्या असतील, या कल्पनेनं ती हरखून जायची.

मग आमचे रविवार सुरू झाले. बेलापूरपर्यंत रेल्वे नुकतीच आली होती, पण उरणला जायचं तर एसटीच. डब्यात पोळी-भाजी, पिशवीत पुस्तक, आणि बटरपेपरवर पेन्सिलीनं उतरवलेला नकाशाचा तुकडा. दोन मध्यमवयीन बायका उन्हात खाडीकाठच्या खाजणातून हिंडतायत, एक पुस्तक वाचतेय आणि दुसरी कुरकुर करतेय, हे दृश्य बघून गुरं राखणारेसुद्धा थांबायचे. उरणच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर अंतोबा ज्या हॉटेलात कोडं सोडवतो ते आम्हाला सापडलं. आता तिथं व्हिडिओ कॅसेट भाड्यानं मिळत होत्या. शालननं मालकाला विचारून आत एक स्टूल टाकून घेतलं आणि दहा मिनिटं नुसती बसली. एका पुस्तकात मुनीमाचा खून बेलापूरच्या खाडीकाठी होतो. तिनं जुना नकाशा आणि नवा नकाशा एकावर एक धरून जागा काढली, तर ती निघाली आमच्याच ऑफिसच्या कँटीनमागे. दुसऱ्या दिवशी मी कँटीनवाल्याला म्हटलं, "तुझी उसळ खाऊन मुनीम गेला बरं का." तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

खरं सांगू, मला हे सगळं आवडायला लागलं होतं. घरी माझं काही बरं चाललेलं नव्हतं. ह्यांची रबाळ्याची कंपनी टाळेबंदीत गेली होती, ते दिवसभर खिडकीशी बसून असत. मी ऑफिसात हंगामी, कायम होण्याची फाइल साहेबांच्या टेबलावर पडून. सोमवार ते शनिवार नुसतं टेन्शन. रविवारी मात्र शालनच्या मागून बांधावरून चालताना कुणाचा तरी खून झालाय आणि तो आपल्या घरात झालेला नाही, याचं बरं वाटायचं.

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे तिसऱ्या उघाडीचं रहस्य. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला खारं पाणी अडवणारं. गोष्टीतला खुनी एका घराच्या मागच्या दारानं निघतो, अंधारात बांधावरून अकरा साखळ्या चालतो आणि तिसऱ्या उघाडीत प्रेत ढकलतो. शालनला ते घर हवं होतं. उरणच्या अलीकडचं एक गाव तिनं नक्की केलं, त्याचं नाव मी लिहीत नाही. "नुसतं बघून कळणार नाही," ती म्हणाली, "मोजावं लागेल." शनिवारी सुटताना तिनं ऑफिसातली मोजणीची फीत पिशवीत टाकली. मी म्हटलं, "शालन, हे अंगाशी येईल हं." ती म्हणाली, "सोमवारी दहाच्या आत परत जागेवर. कुणाला कळतंय?"

उघाडी होती. लाकूड कुजलेलं, पण होती. मी फितीचं एक टोक धरून उघाडीशी उभी राहिले, शालन दुसरं घेऊन चालत गेली. प्रत्येक फितीला ती आकडा ओरडायची आणि मी वहीत लिहून पुढे सरकायचे. वही ऑफिसचीच, लांबट, लाल पुठ्ठ्याची. अकरा साखळ्या भरल्या तेव्हा ती एका कौलारू घराच्या मागच्या दारापासून चार पावलांवर उभी होती. आनंदानं तिला काय करू नि काय नको झालं. पिशवीतून गेरूचा खडू काढून तिनं घराच्या जोत्यावर फुली मारली. वीस वर्षांची सवय, मोजलं की खूण करायची. तेवढ्यात मागच्या दारातून एक म्हातारी आली. नऊवारीचा काष्टा, हाताला मासळीचे खवले.

"कुठशी आलाव तुमी?" तिनं विचारलं.

"बेलापूरच्या ऑफिसातून," शालन म्हणाली.

"काय करताव?"

"काही नाही आजी, नुसती मोजणी."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हातारी आत जाऊन आली. आम्हाला तांब्याभर पाणी दिलं, आम्ही प्यायलो, आणि एसटीत शालन मला गोष्टीचा शेवट दुसऱ्यांदा सांगत राहिली. या भागात मोजणी म्हणजे काय, हे आमच्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं? ज्यांची भाताची खाचरं, मिठागरं, सगळं शहरासाठी गेलं, त्यांच्याकडे आधी दर वेळी कोण आलं होतं? फीत आणि लाल वही घेतलेली माणसंच आली होती. नोटीस नंतर यायची. हे कागद रोज माझ्या टाइपरायटरवरून जात होते. आणि आम्ही दोघी शहाण्या, सुट्टीच्या दिवशी मजा म्हणून त्यांच्या जोत्यावर फुली मारून आलो.

गुरुवारी अकराच्या सुमाराला ती म्हातारी आमच्या हॉलमध्ये उभी होती. बरोबर तिचा मुलगा हरेश आणि गावचे सात-आठ जण. हरेशचा आवाज चढलेला. "शेती गेली तवा गप बसलो, आता गावठानातली घरं पन नेताव काय? नोटीस नाय, काय नाय, रविवारचे येऊन मापून जाताव!" साहेब गांगरले, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. मग कळलं ते असं, हरेशच्या मुलीचं, सुगंधाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. घर सरकार घेणार ही बातमी गावभर झाली, मुलाकडच्यांपर्यंत पोचली, आणि त्यांनी निरोप धाडला की आता जरा थांबू. म्हातारी मधेच एवढंच बोलली, "घरच ऱ्हानार नाय तं हलदीचा मांडव कुठं घालू?"

साहेबांनी सगळ्या स्टाफला उभं केलं. "रविवारी कोण गेलं होतं?" हरेश म्हणाला, "दोन बाया व्हत्या." माझे हात टाइपरायटरवर होते ते तिथंच राहिले. डोक्यात एकच गोष्ट, साहेबांच्या टेबलावरची माझी फाइल. तिच्यावर सही व्हायची होती अजून, घरी दुसरा पगार नव्हता... शालन उठली. "मी गेले होते साहेब. सरकारी काम नव्हतं. एका पुस्तकातली जागा शोधत होते." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "आणि दुसरी?" शालननं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "माझी मावसबहीण. ऑफिसातली नाही." त्याच वेळी म्हातारीची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. तिनं मला पाणी दिलं होतं, हातभर अंतरावरून. मी मान खाली घातली. म्हातारी काही बोलली नाही, आणि मीही नाही.

शालनला मेमो मिळाला. पुढच्या वर्षी बढतीची यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. त्या दिवशी मात्र तिनं साहेबांना एकच विनंती केली, की असली कसलीही मोजणी नाही असं लेखी द्या. ते पत्र मीच टाइप केलं. चार ओळींचं पत्र मी तीनदा चुकवलं. ते घेऊन शालन दुसऱ्या दिवशी रजा टाकून एकटी मुलाकडच्या गावी गेली, त्यांच्या ओटीवर बसून त्यांना पत्र वाचून दाखवलं, आणि पत्रावर विश्वास बसेना म्हणून पिशवीतलं पुस्तक काढून ती सगळी गोष्टच सांगितली. मुलाचा आजा म्हणे शेवटी म्हणाला, "बाय, खून कोन केला ता तरी सांग." लग्न ठरल्या दिवशी झालं. हळदीला शालनला बोलावणं होतं. "येतेस?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, आमच्या मुलाची चाचणी परीक्षा आहे. ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर एकदाच, डबा धुताना नळाशी उभी असताना, ती त्या विषयावर बोलली, तेही स्वतःबद्दल. "वीस वर्षं या रेषा काढतेय कुंदा. रेषेच्या खाली कुणी भाकरी भाजत असेल, असं कधी मनातच आलं नाही गं." मी नळ जोरात सोडला. मला वाटलं ती आता माझ्याकडे वळेल. ती वळली नाही. सहा महिन्यांनी मी कायम झाले, पेढे वाटले, सगळ्यात पहिला तिला दिला. आता बोलायला काहीच अडचण नव्हती, आणि नेमकं तेव्हापासून बोलणं जास्त जड झालं. आधी निदान भीतीचं कारण तरी होतं. पुढे नुसती लाज उरली, आणि लाज अशी की तोंड दाबून बुक्क्यांचा मार, सांगायचं कुणाला? शालन दर एक-दोन महिन्यांनी त्या गावाला जात राहिली. दर वेळी शुक्रवारी विचारायची, "रविवारी येतेस?" मी कधी पाहुणे आणले, कधी पाठदुखी. ती "बरं" म्हणायची. एकदाही तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, आणि भांडणात सगळं बोलून मोकळी झाले असते.

तेरावा झाल्यावर पेडणेकर म्हणाले, "त्या गावाला कळवायला हवं. मला वाट ठाऊक नाही." मला ठाऊक होती. रविवारी एसटीनं गेले. उघाडीला आता सिमेंटचं दार बसवलंय, पलीकडे कंटेनरचं मोठं आवार झालंय. घर आहे तसं आहे. म्हातारी पडवीत बसली होती. नजर अधू झालीय, पण मी शालनचं नाव घेतलं आणि पुढचं काही सांगायच्या आधीच तिला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला. हरेशची बायको येऊन बसली. मग मला सांगितलं त्यांनी, शालन यायची ती इथं खांबाला टेकून बसायची आणि म्हातारीला अंतोबाच्या गोष्टी वाचून दाखवायची. म्हातारीला सगळ्या पाठ. नवी गोष्ट असली की खुनी कोण ते ती पाचव्या पानावरच सांगायची, आणि चुकली की शालनशी वाद घालायची.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, त्या रविवारी दुसरी बाई मी होते. फितीचं टोक मी धरलं होतं. मावसबहीण वगैरे काही नाही. ऑफिसात मी समोर बसले होते आणि बोलले नाही."

"मना ठावं हाय," म्हातारी म्हणाली. "हापिसात तवाच ओलखलं तुला. आनि शालनबाय पैल्यांदा आली तवा तिनंच सगलं सांगलं. बोलली, तिच्या घरात अडचन हाय, तिला काय बोलू नका, ती येल आपल्या पायानं. दर येली बोलायची, पुढच्या टायमाला कुंदा येल. सा वर्सं बोलायची." मग तिनं विचारलं, "मंग का नाय आलीस?"

"लाज वाटली आजी."

म्हातारीनं मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता, मासळीचा भाव सांगावा तसं सरळ बोलली. "लाज तिला पन वाटली व्हती. तरी ती आली."

मी पडवीत बसून राहिले. सून आत चहा टाकायला गेली. म्हातारीनं हातानं चाचपून खांबाजवळची रिकामी जागा दाखवली आणि म्हणाली, "हतं बस. ती हतंच बसायची."